वाकळ, कर्ज आणि साधेपणाचं सुख

पाऊस सरत आला, आश्विन तोंडावर आला की रविवारच्या पुरवण्यांना साधेपणाचा उमाळा येतो. शरदाचं चांदणं, कोवळं ऊन, चुलीवरची भाकरी, गरजा कमी करा आणि सुखी व्हा. लिहिणाऱ्याच्या घरात भाकरी म्हणजे आठवड्यातून एकदा हौसेनं खायची चीज असते. आमच्याकडं ती रोजची. त्यामुळं असला मजकूर वाचला की आधी हसू येतं, मग डोकं फिरतं.

पण मित्रांनो, नुसतं डोकं फिरवून घेऊन भागत नाही. प्रश्न खरा आहे. थोडक्यात भागवून, काटकसरीनं जगण्यात सुख आहे काय? आणि असलं तर ते सुख आपण उघड मान्य करायचं की नाही? मान्य केलं तर उद्या प्रस्थापित म्हणणार, बघा, हे लोक आहे त्यात आनंदी आहेत, ह्यांना वाढीव पगार कशाला? नाही म्हटलं तर आपण आपल्याच घराशी खोटं बोलतो. कारण आश्विनातलं ऊन मलाही आवडतं. नव्या भुईमुगाच्या शेंगा भाजून, खरडा-भाकरी खाऊन, दारात बसायला मलाही आवडतं. रिंग फ्रेमच्या पुढं उभा राहून तुटलेले धागे जोडताना डोक्यात बरंच काय काय जोडलं जातं, त्यातलं हे एक.

पहिली गोष्ट ही, की साधेपणा आपल्याला शिकवायची कुणाला कधी गरजच पडली नव्हती. तो आपल्याला धर्मानंच लावून दिला होता. मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. शूद्राला उष्टं अन्न आणि वापरून जुनी झालेली वस्त्रं द्यावीत. ताकद असली तरी त्यानं धन साठवू नये. चांडाळानं मेलेल्याची वस्त्रं नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावं, दागिने घालायचे तर लोखंडाचे. काय राव, किती साधी राहणी! एकही गरज जास्तीची नाही. गरजा कमी करून माणूस सुखी होत असता तर ह्या देशात महारा-मांगाएवढा सुखी कोणच नव्हता.

हे पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळलं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी बायांना काय सांगितलं ते नीट लक्षात घ्या. लुगडं नेसायची जुनी तऱ्हा सोडा, अंगावरचं जातीची खूण सांगणारं दागिन्यांचं ओझं उतरवा. ठिगळाचं असलं तरी चालेल, पण नेसाल ते स्वच्छ नेसा. ठिगळ चालेल असं बाबासाहेब म्हणतात. पण ठिगळ कुठं लावायचं, लुगडं किती खाली न्यायचं, हे गाव ठरवणार नाही, तुम्ही ठरवणार. माझ्या मते ह्या सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथं आहे. खर्च किती, हा सवाल दुय्यम आहे. ठरवतंय कोण?

ह्यावरनं दोन शरद ऋतू आठवतात. पहिला १९२१ चा. त्या वर्षी २२ सप्टेंबरला मदुराईत गांधीजींनी अंगातले कपडे टाकून पंचा धरला. गरिबाला अंगभर कापड मिळत नाही, मग मी तरी का घालू, अशी भूमिका. त्यांच्या मनाबद्दल मला शंका घ्यायची नाही. पण ते बॅरिस्टर होते. ज्याच्याकडं कोट होता त्यानं तो काढला, म्हणून साऱ्या जगानं बघितलं. कोट मुळातच नसलेला माणूस शेजारी उघडाच उभा होता, त्याच्याकडं कोण बघणार? दुसरा शरद १९५६ चा, १४ ऑक्टोबर, अशोक विजयादशमी, नागपूर. लाखो माणसं पांढरी वस्त्रं घालून आली. पांढरं कापड! त्याहून साधं काय असतं? ना काठ, ना जर. पण पिढ्यान् पिढ्या ज्यांना मढ्यावरचं पांढरं कापड हक्क म्हणून मिळायचं, ती माणसं स्वतःच्या पैशानं घेतलेलं पांढरं कापड नेसून उभी राहिली. दोन्हीकडं साधेपणाच. एक माणूस वरनं खाली आला. दुसरीकडं अख्खा समाज खालनं उठून उभा राहिला. ह्या दोघांना एकाच पुरवणीत एकाच शब्दानं बोलवता येत नाही.

आणि कापडाचं म्हणाल तर कापड आणि आम्ही हे नातंच विचित्र. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. कांडी बदलली की धोट्यातून सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं, त्याला आमची थुंकी चालायची नाही. त्या खात्यात मजुरी जास्त होती, हे सांगायला नकोच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. म्हणजे सूत काढायचं, कापूस पिंजायचा, नाकातोंडात फुंदा घ्यायचा, आणि कापडाची पाळी आली की बाजूला व्हायचं. ज्यांच्या हातून कापड होतं त्यांनाच 'कमी कापडात भागवा' असं ऐकवायचं, ह्याला माणूस काय म्हणणार?

पुरवणीवाले आणखी एक सांगतात. निसर्गाचं सुख फुकट आहे, पाणी, चांदणं, वारा. पाणी फुकट? चवदार तळ्याचं पाणी फुकटच होतं. ते ओंजळभर प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि त्यानंतर डोकी फुटली. चहाचंही तसंच. आमच्या कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांनी चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तर शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायचे, बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजायचे. आज भाऊसिंगजी रोडला आम्ही दोघात एक चहा घेतो, अर्धा-अर्धा, आणि तासभर बोलतो. हे अगदी स्वस्तातलं सुख. पण त्या अर्ध्या कपाची खरी किंमत कुणीतरी आधी मोजून ठेवलीय.

आता आपल्यातलं बोलू.

माझा एक मित्र आहे. चळवळीतला, चांगला वाचणारा. परवा म्हणाला, "भावा, साधं राहणं वगैरे गांधीवाद झाला. बाबासाहेबांनी सूट घातला. आपण बी टकाटक राहायचं. गावानं बघितलं पायजे." मी म्हटलं, सूट बरोबरच आहे. माणगावला २१ आणि २२ मार्च १९२० ला परिषद झाली तेव्हा गावोगावच्या माणसांनी आपला माणूस तसा बघितला, आणि त्या दिसण्यानंही काम केलं असणार. पण तुझ्या अंगावरचं जॅकेट, हातातला मोबाईल आणि खालची गाडी ह्यांचे हप्ते किती? तो गप्प. मग म्हणाला, "पगार येतो आणि जातो. एक तारखेला मेसेज आला की दुसऱ्या मेसेजात कापलेलं दिसतं." त्याच्यावर हसायची माझी टाप नाही. ज्यांना शंभर पिढ्या फाटक्यात ठेवलं त्यांच्या पोराला नव्याची भूक असणारच, ती भूक न्याय्य आहे. पण दसरा-दिवाळी जवळ आली की दुकानदार नेमकी हीच भूक ओळखून पाटी लावतो, 'झिरो डाऊन पेमेंट'. म्हणजे आज काहीच देऊ नका, पुढची दोन वर्षं तेवढी द्या. आपली अस्मितासुद्धा हप्त्यावर विकायला त्यानं मांडलीय. आणि बाबासाहेबांचा सूट बघताना हेही बघा, की हाच माणूस लंडनात अर्धपोटी राहून दिवसभर लायब्ररीत बसायचा. पोटाला चिमटा त्यानं स्वतः घेतला होता, आणि पुस्तकांसाठी घेतला होता.

इथं बुद्धाकडं यावं लागतं. आपल्यातल्या पुष्कळांचा समज असा, की बुद्ध म्हणजे त्याग, म्हणजे काही बाळगू नका. बाबासाहेबांनी १९५० साली 'महाबोधी'च्या अंकात बुद्धाच्या धम्माच्या भवितव्यावर लेख लिहिला. त्यात धर्माला ज्या कसोट्या लावल्या त्यातली एक अशी, की धर्मानं दारिद्र्याला पवित्र मानता कामा नये. ज्याच्याकडं आहे त्यानं सोडलं तर ती गोष्ट मोठी असेल. मुळात नसणं ही मोठी गोष्ट कशी होईल? गरिबीचा गौरव म्हणजे गरिबी कायम ठेवायची सोय.

मग बुद्ध गृहस्थाला काय सांगतो? अनाथपिंडिकाला त्यानं चार सुखं सांगितली. एक, आपल्या कष्टानं, सचोटीनं मिळवलेलं आपल्याजवळ असण्याचं सुख. दोन, ते उपभोगण्याचं, त्यातून चार चांगली कामं करण्याचं. तीन, कुणाचं थोडं वा फार देणं नसण्याचं, पालीत त्याला 'अनणसुख' म्हणतात. चार, काया-वाचा-मनानं निर्दोष असण्याचं. बघा, पहिलंच सुख 'असण्याचं' आहे. आणि कोलीय कुळातल्या व्याघ्घपज्जाला तो म्हणतो, आवक-जावक बघून समतोल जग. कमाई थोडी असून उधळणारा माणूस उंबर खाणाऱ्यासारखा. दोन फळांसाठी अख्खं झाड झोडपून सगळी नासतो. पण कमाई चांगली असून चिकटपणानं जगणारा? तो उपाशी मेल्यासारखा मरेल, असं लोक म्हणतील. दोन्ही बाजूंनी कान धरलाय. चिक्कूपणा ही काटकसर नव्हे, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झालंय.

मला त्यातलं तिसरं सुख सगळ्यात जवळचं वाटतं. देणं नसण्याचं. हे सुख बंगल्यातल्या माणसाला कळणार नाही, त्याचं कर्ज वेगळं, त्याला बँकेचा साहेब चहा पाजतो. आमच्या वस्तीत फायनान्सवाला आठवड्याच्या ठरल्या वारी येतो, बाया एकमेकींकडं उसनं मागत फिरतात. त्या गटाचं नाव बचत गट, आणि घरात बचत कुठंच नसते. दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोड सुरू होते. बीडकडनं टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडनं उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत हात बांधलेले. पाल्याची खोप, तीन दगडांची चूल, एक पत्र्याची पेटी, बैलगाडी किंवा ट्रॅक्टर. ह्याहून साधं घर कुणाचं आहे? त्यांच्याकडं बघून 'मिनिमम गरजा' असा लेख कुणी लिहीत नाही. कारण लिहिणाऱ्यालाही आतून माहीत असतं, की हा साधेपणा उचलीनं बांधलेला आहे. शाहू महाराजांच्या काळात १९०६ साली उभी राहिलेली शाहू मिल २००३ ला बंद पडली, तेव्हाही त्या कामगारांच्या घरी साधेपणाचा उपदेश करायला कुणी गेलं नाही. काटकसर आपोआपच घरात शिरली होती, दार न वाजवता.

तर ज्या काटकसरीत सुख आहे ती ओळखायची कशी? मी वाकळ घेतो.

आश्विन लागायच्या आधीचे चार-आठ दिवस कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर आणि रंकाळ्याच्या धुण्याच्या चावीवर पाय ठेवायला जागा नसते. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं असतं. आमच्या घरात घट बसत नाहीत, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत. पण वाकळा धुवायच्या त्या धुवायच्याच. पावसाळ्याचा कुबट वास घालवायला ऑक्टोबरसारखं ऊन नाही, आणि ऊन काय कुणाचा धर्म विचारून पडत नाही. वाकळ भिजली की दोघांना उचलत नाही इतकी जड होते. पिळायला दोन टोकांना दोघं लागतात. वाळली की रात्री तिच्यात उन्हाचा वास असतो. हा वास मी कुठल्याही मॉलमधल्या ब्लँकेटशी बदलणार नाही, आणि हे मी कुणाच्या उपदेशानं म्हणत नाही.

पण आजी सांगायची, तिच्या सासूच्या वाकळंत मढ्यावरचं कापड असायचं. महाराच्या हक्कात ते होतं. गावात कोण मेलं की कापड आपलं. थंडीत तेच पांघरायचं आणि त्यालाच हक्क म्हणायचं! शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ ला महारवतन मोडलं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात त्यासाठी बिल आणलं. बाकी मुलखात ते संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. आता आईच्या वाकळंत काय आहे? तिची स्वतःची जुनी लुगडी. माझ्या शाळेच्या शर्टाची पाठ. बहिणीचा परकर. बापाच्या गिरणीतल्या खाकी पँटचा एक तुकडा, तो सगळ्यात मध्ये, कारण तो झिजत नाही. शिवण तीच, दाभण तेच, टाकेही पणजीनं घातले तसेच. बाजारात किंमत केली तर दोन्ही वाकळांना सारखंच मोल येईल. पण एक वाकळ दुसऱ्यांनी टाकलेल्यातून झाली, दुसरी आम्ही वापरून संपवलेल्यातून. पहिलीत ऊब होती, सुख नव्हतं. दुसरीत दोन्ही आहे. मला ह्याहून जास्त चांगला युक्तिवाद सापडत नाही.

आणि ही गोष्ट आपल्या परंपरेबाहेरची आहे असं समजू नका. विनयपिटकात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाच्या पोटात गोळा आला, हा श्रमण काय कापडाचं दुकान घालणार काय? त्यानं जाऊन विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झालीत त्यांना वाटणार. मग जुन्याचं काय? त्याची अंथरुणावरची चादर. जुन्या चादरीचं? गादीची खोळ. जुन्या खोळीचं? जमिनीवरचं अंथरूण. त्याचं? पायपुसणं. त्याचं? झाडायचं फडकं. आणि फडकं फाटलं की? कुटून, चिखलात कालवून जमीन सारवायला. राजा खूश झाला आणि त्यानं आणखी पाचशे दिली. आपल्या आया हे विनयपिटक न वाचता पाळतात. लुगडं, मग वाकळ, मग पोतेरं. चीवराची कथा तर आणखी जवळची. मगधातली बांध घातलेली भातखाचरं बघून बुद्धानं आनंदाला सांगितलं, चीवर असं तुकडे जोडून शिव. आश्विनात पन्हाळ्यावरनं खाली बघा किंवा राधानगरीच्या वाटेला लागा. पिवळी पडत आलेली खाचरं, मधले हिरवे बांध. अंथरलेली वाकळच. आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो आणि भिक्खूला चीवरदान होतं, ते ह्याच दिवसांत.

पण इथं मला एक अडचण आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरं नव्हे. आपण जयंतीला गाणी म्हणतो. रमाईनं गोवऱ्या थापल्या, अर्धपोटी राहिली, संसार रेटला. ऐकताना अंगावर काटा येतो, गाणाऱ्याचाही आवाज भरून येतो. पण रमाईच्या काटकसरीला आपण सुखाच्या खात्यात टाकू शकतो काय? पाच लेकरांतली चार गेली. औषधाला, दुधाला पैसा नसणं ही काटकसर नसते. २७ मे १९३५ ला ती स्वतः गेली. बाबासाहेबांनी दारिद्र्य पवित्र मानायला जो नकार दिला त्याच्यामागं हे घर होतं, असं मला वाटतं. म्हणून त्या गाण्यांत त्यागाचा सूर फार चढला की मला बसवत नाही. रमाईला मानायचं तर आपल्या बाईला गोवऱ्या थापाव्या लागू नयेत ह्यासाठी भांडायचं. तिच्या हालांचं देवघर करून आपण सनातन्यांचंच काम सोपं करतोय, असं म्हटलं की मंडळातली काहीजण रागावतात. रागवू देत.

आणि सुख घ्यायला वेळ लागतो, हे तर पुरवण्यांत कुणीच लिहीत नाही. शेंगा भाजायला, वाकळ उलटीपालटी करायला, दारात बसायला रिकामा वेळ पायजे. १९४५ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी गांधीवादावर हीच टीका केली. यंत्र नको म्हणता, मग राबणाऱ्याला फुरसत कशी मिळणार, आणि फुरसतीशिवाय संस्कृती कसली? १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास कायद्यानं ४८ वर आले, त्या काळात मजूर खातं त्यांच्याकडं होतं. मी यंत्रावर राबतो, यंत्राचा मला राग नाही. राग येतो तो डबल ड्यूटीचा. सोळा तास उभा राहिलेल्या माणसाला शरदाचं चांदणं म्हणजे गेटपासून स्टँडपर्यंतचा उजेड. दिवाळीला बोनस मिळतो तो काही मालकाची मेहेरबानी नव्हे. कायद्यानं कमीत कमी ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या मजुरीचा बारावा हिस्सा, तो आपल्याच घामाचा मागं ठेवलेला भाग. तेवढाही पदरात पडायला कंत्राटी पोरांना दर वर्षी ऑफिसच्या दारात उभं राहावं लागतं. मालक कापसाचा फुंदासुद्धा गोळा करून विकतो. तो काटकसर करतो तेव्हा ती आमच्या अंगावरनं जाते. म्हणून युनियनच्या मीटिंगमध्ये 'आपण साधी माणसं, आपलं भागतं' असं कुणी बोललं तर त्याला तिथंच थांबवा. भागतं हे आपण घरात, वाकळंवर बसून बोलायचं. पगाराच्या टेबलावर ते वाक्य न्यायचं नाही.

कोल्हापूरहून नागपूरला जायला महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. एक दिवस-रात्र घेऊनही संपत नाही इतकी लांब. आमच्या गल्लीतल्या काही बाया वर्षभर डब्यात पैसे टाकतात, कधी दहा, कधी वीस, कधी नुसतंच झाकण उघडून बघतात. कुणाकडनं उसनं घ्यायचं नाही हा त्यांचा आपसातला नियम. विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाताना बरोबर भाकरी, खरडा, शेंगदाण्याची चटणी, एक वाकळ. हॉटेलात पैसा घालत नाहीत. रात्री मैदानात वाकळ अंथरून झोपतात आणि सकाळी पुस्तकांच्या दुकानांसमोर उभ्या राहतात. तिथं मात्र हात आखडत नाहीत. गेल्या वर्षी त्यांतल्या एका म्हातारीनं, जिला स्वतःला वाचता येत नाही, नातीसाठी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' घेतलं. दुकानदारानं दहा रुपये कमी करू काय विचारलं, तर म्हणाली, "नगं. ह्येचं पुरं घे. बाकीचं समदं मी कमी केलंया."